दगडाला नऊ, लाटेला किती?

“पोकळ वाटतोय का?” निनादने गाडीतूनच ओरडून विचारलं.

मी कड्याला कान लावून उभी होते आणि मुठीने दगडावर ठकठक करत होते. ठिसूळ दगडाचा आवाज बसका येतो, सुटलेला दगड ढोलासारखा वाजतो. इथे कसलाच आवाज येईना. नुसती माझी बोटं दुखली. कोकणातले कडे बहुतेक जांभ्याचे. हात लावला की लाल भुगा पडतो. हा मात्र गारगोटीच्या जातीचा, पांढरट, कणखर, आणि बोटांची पेरं अडकतील अशा बारीक खाचांनी भरलेला. समुद्राला लागून सरळ उभा. मी दोन पुरुष उंच चढले, उतरले, आणि शेजारच्या भेगेत कोपरापर्यंत हात घालून बघितला.

“साप चावेल,” निनाद म्हणाला.

“चावू दे.”

माझा स्वभावच तसा. आई म्हणायची, हिला उंदराच्या बिळातसुद्धा डोकावल्याशिवाय चैन पडत नाही.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातली. गाव आरवेळ, सिंधुदुर्गातलं. नकाशे करणं हा माझा धंदा, तरी ते गाव मला नकाशात नीट सापडलं नव्हतं. मी नाशिकची. अंजनेरी-त्र्यंबकच्या कड्यांवर वाढलेली. शनिवार-रविवार दोर खांद्यावर पडला नाही, तर सोमवारी मला माणसं सहन होत नाहीत. निनाद रत्नागिरीचा, आणि त्याला वेड लाटांचं. फळीवर पोटावर झोपून आत जायचं, लाट आली की फळीवर उभं राहायचं आणि घसरत किनाऱ्याकडे यायचं. अशा दोघांनी एकमेकांशी लग्न करायचा शहाणपणा केला आणि वर संसार नाशिकला मांडला. तो एका क्लबाच्या तलावात पोहायला शिकवायचा. संध्याकाळी घरी आला की अंगाला क्लोरीनचा वास यायचा. पुलावरून जाताना तो गोदावरीच्या पाण्याकडे ज्या नजरेने बघायचा, ते मला बघवत नसे.

म्हणून दोन वर्षं आम्ही गाव शोधत होतो. चढायला कडा हवा, खेळायला लाट हवी आणि वर छप्पर. आमचा एक नियम होता. गावात पोचलं की मी दगड तपासायचा, त्याने पाणी. मग दोघांनी हात पाठीमागे न्यायचे, एक-दोन-तीन म्हणायचं आणि बोटं दाखवायची. दहापैकी मी दगडाला किती देते, तो लाटेला किती देतो. दोघांची निदान सात आली तर तिथे राहायचं. गोकर्णाच्या पुढे एका गावी त्याची नऊ बोटं आली आणि माझी दोन. रायगडात एका खाडीवर माझी आठ, त्याचं एक. तेही म्हणे दयेपोटी. एका ठिकाणी दोघांची सात आली, तर तिथे प्यायला पाणी नव्हतं.

आता मुदत संपत आली होती. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या एका सर्फिंग शाळेने निनादला शिकवायला बोलावलं होतं आणि महिनाअखेर उत्तर हवं होतं. तिथली जमीन ताटासारखी सपाट. दगड म्हणाल तर रस्त्याकडेचे, किलोमीटर लिहिलेले. “तू जा,” मी त्याला सांगितलं होतं. “मी इथे राहते. मग बघू.” त्या ‘मग बघू’चा अर्थ काय होतो हे आम्हा दोघांना कळत होतं, म्हणून तो शब्द पुन्हा कुणी काढला नाही. आरवेळ ही शेवटची जागा होती. इथे सात-सात आली नाहीत, तर डिसेंबरपासून आमची घरं दोन होणार होती.

“कर हात मागे,” मी म्हणाले.

निनादने समुद्राकडे बघितलं. समुद्र कसा, तर दूध तापायच्या आधी असतं तसा. “उद्या भरती बघून सांगतो,” तो म्हणाला. “तुझं काय?”

मी नऊ बोटं दाखवली. दहा देणार होते, पण दृष्ट लागेल म्हणून एक राखून ठेवलं.

गावात रिकामं घर एकच होतं. सगुण गिरप यांच्या भावाचं, भाऊ मुंबईला. सगुणदादा गावच्या रापणीचे तांडेल होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडतात आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर सगळा गाव मिळून वाळूवरून ओढतो. रापण कुठल्या दिवशी लावायची, हे तांडेल ठरवणार. घर कुणाला द्यायचं, हेही तेच ठरवणार होते.

संध्याकाळी त्यांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, आम्हाला चहा मिळाला. विचारपूस प्रभाकाकींनी केली, म्हणजे त्यांच्या बायकोने.

“तुमी करतास काय गो?”

“मी कडे चढते.”

“वर काय आसता?”

“काही नसतं.”

“मगे?”

“मग खाली उतरते.”

“आनी ह्ये?”

“हा लाटेवरून किनाऱ्यावर येतो.”

“आनी मगे?”

“परत आत जातो.”

काकींनी नवऱ्याकडे बघितलं. “म्हणजे दोघांय थंयच्या थंय!”

निनाद इतका हसला की त्याच्या नाकातून चहा आला. सगुणदादा हसले नाहीत. “घर आसा,” ते म्हणाले. “पण आदी एक चित्रकार ऱ्हवाक इललो. पैलो पाऊस पडलो नि तो पळालो. दोन म्हयन्यात पळणाऱ्यांका घर देवचा नाय, असा माझा ठरलेला आसा. उद्या सांगतंय.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच निनाद फळी घेऊन पाण्यात गेला. मी कड्याच्या डाव्या अंगाच्या सोप्या धारेने वर निघाले. वर दोर बांधायला भक्कम जागा आहे का, ते बघायचं होतं. चढताना मी चक्क गुणगुणत होते. प्रत्येक खाच जिथे असावी तिथे होती.

माथ्यावर आले आणि चकित झाले. तिथे एक सपाट दगड होता, बसून बसून गुळगुळीत झालेला. शेजारी पाण्याची बाटली, छत्री आणि तंबाखूची चंची. म्हणजे मी इतक्या ऐटीत जिथे पोचले, तिथे कुणीतरी रोज छत्री घेऊन येऊन बसत होतं! मागच्या बाजूने पायवाट असणार. कोण बसतं, कशाला बसतं? मी बाटली हुंगून बघितली. पाणीच होतं. आसपास कुणी दिसेना, म्हणून मी त्या दगडावर बसले.

खाली समुद्र नकाशासारखा पसरला होता. कड्यापासून थोडी दूर एक मोठी होडी उभी होती. आतली माणसं वल्ही हातात धरून स्वस्थ बसलेली, आणि सगळी तोंडं वर माझ्याकडे. मला वाटलं, कौतुकाने बघतायत. एकटी बाई कड्यावर चढलेली त्यांनी कधी पाहिली असणार? मी जरा ताठ बसले.

मग मी निनादला शोधलं. तो फळीवर दोन्ही बाजूंना पाय सोडून बसला होता. मी त्याच्याकडे बघत राहिले, आणि माझ्या लक्षात आलं की दोन वर्षांत मी त्याला पाण्यात असा बघितलेलाच नाही. प्रत्येक गावी तो समुद्राकडे गेला की मी पाठ फिरवून दगडाकडे जात असे. मला वाटायचं, सर्फिंग म्हणजे सगळा थरार. तर हा नुसता बसलेला! बसलाय, क्षितिजाकडे बघतोय, परत बसलाय. मध्येच घोट्याएवढी एखादी लाट आली की, पाहुणा आल्यावर उठावं तसा भिडेखातर उठायचा, पाचसहा हात घसरायचा आणि पुन्हा जाऊन बसायचा.

या लाटेला तीन बोटंसुद्धा जास्त होती. आणि तरी तो आज मला सात दाखवणार, हे मला त्या उंचीवरून स्वच्छ दिसलं. काल रात्री जेवताना तो माझ्या खरचटलेल्या बोटांकडे बघून हसत होता ना, तेव्हाच त्याचं ठरलं असणार. आधी मला आनंद झाला. मग वाटलं, हा माणूस इथे रोज असा बसणार, आणि मी रोज वर चढून त्याला असं बसलेलं बघणार.

एका जागी नजर ठरणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून मी उठून पलीकडची बाजू बघितली. कड्याच्या दक्षिणेला पुळण, पुळणीनंतर एक बुटकी टेकडी आणि तिच्यामागे खाडी. गावातून किंवा किनाऱ्यावरून टेकडीपलीकडचं काही दिसत नाही. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे पाण्याखाली वाळूचा पिवळा दांडा होता, जनावराच्या पाठीसारखा लांब. आणि त्या दांड्यावर एक लाट फुटत होती. एका टोकाला पांढरी होऊन ती दुसऱ्या टोकापर्यंत उलगडत गेली, घाई न करता. तिच्यामागून दुसरी आली, तशीच. मग तिसरी.

मला लाटांतलं काही कळत नाही, पण निनाद दोन वर्षं झोपेतसुद्धा जे बरळायचा ते हेच, एवढं मला कळलं. कमरेला लाल जॅकेट बांधलेलं होतं, ते मी सोडलं आणि डोक्यावर धरून गरागरा फिरवलं. “निनाद! ए निनाद!” आवाज पोचणं शक्यच नव्हतं. मी जॅकेट दक्षिणेकडे झटकलं. तिकडे, तिकडे बघ! निनादने हात हलवला. मी आणखी जोरात झटकलं.

आणि खाली एकदम धमाल सुरू झाली. होडीतले गडी उठले. वल्ही पाण्यात पडली, कुणीतरी हाळी दिली आणि होडी मी दाखवत होते त्या दिशेला सुटली. मागून जाळं भराभर पाण्यात पडत होतं. किनाऱ्यावरच्या घराघरांतून माणसं धावत बाहेर आली. पुरुष, बायका, कुणी हात पुसत, कुणी पदर खोचत. काय नशीब माझं, मी म्हटलं, रापण टाकताना आयती वरून बघायला मिळाली! होडीने मोठा वळसा घेतला. त्या वळशाच्या बरोबर मध्ये, फळीवर, माझा नवरा बसलेला होता.

“बाये! ह्या काय केलंस गो!”

मागच्या पायवाटेने एक म्हातारा धापा टाकत वर आला. एका हातात टमरेल, खांद्यावर पंचा. पंचा लाल होता. मी त्या पंच्याकडे बघितलं, मग हातातल्या जॅकेटकडे, आणि ते पाठीमागे लपवलं.

ते बाबल. रापणीसाठी वर बसून नजर ठेवणारे. माशांचा थवा किनाऱ्याकडे आला की वरून पाणी काळसर दिसतं. मग बाबल लाल पंचा हलवणार आणि ज्या दिशेला झटकणार तिकडे होडी जाळं सोडणार. खालून थवा दिसत नाही, म्हणून होडीवाल्यांनी वरच्या लाल फडक्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत.

“झाडाकडे जावन येयसर जाळा टाकलास?” बाबल कपाळावर हात मारून म्हणाले. “थवो हयसर नाय. थवो अजून भायर आसा!”

आम्ही पायवाटेने धावत खाली आलो. सगुणदादा वाळूवर उभे होते. सगळ्या गावाने दोर धरलेला. पडलेलं जाळं ओढून काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि त्यात दुपार जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“फडक्या कोणी हलयल्यान?” दादांनी विचारलं.

“मी,” मी म्हणाले.

एक बाई माझ्या अंगावर ओरडू लागली. तिचे अर्धे शब्द मला कळले नाहीत आणि उरलेले कळले हे वाईट झालं. दादांनी हात वर करून तिला थांबवलं. “आमची रीत आसा,” ते मला म्हणाले. “जेच्या सांगण्यार जाळा पडता, तेना दोराच्या म्होरल्या टोकाक ऱ्हवाचा. जाळा वाळूर येयसर सोडूचा नाय. चुकलो तर तेका वाटो नाय.”

मी दोराचं पुढचं टोक धरलं. काथ्याचा ओला, जाड दोर. माझा दोर मला जीव वाचवायला शिकवत आला होता. हा जीव खाणारा निघाला. सगळ्यांनी एका तालात मागे रेलायचं, चार पावलं सरकायचं, पुन्हा रेलायचं. थोड्या वेळाने निनाद फळीसकट जाळ्याच्या आतून चालत बाहेर आला, तेव्हा मागून कुणी म्हणालं, “पयलो मासो गावलो रे! साडेपाच फुटाचो!” आणि दोरावरची सगळी माणसं, ती ओरडणारी बाईसुद्धा, हसायला लागली. निनादला काय झालंय ते कळायला मिनिटभर लागलं. मग त्याने फळी वाळूत टाकली आणि माझ्यामागे येऊन दोर धरला.

“कशाला हलवत होतीस?” त्याने हळूच विचारलं.

“लाट आहे. टेकडीमागे. खाडीच्या तोंडाशी.”

“चल! काहीतरीच.”

“किती बोटं दाखवणार होतास इथल्या पाण्याला?”

तो दोर ओढत राहिला.

“सात ना?” मी म्हणाले. “खोटारडा.”

“ओढ,” तो म्हणाला. “काकी बघतायत.”

दुपार कलताना जाळं वाळूवर आलं. त्यात ओंजळ-दोन ओंजळी पेडवे, म्हणजे बारके मासे, होते, काही कुर्ल्या आणि जेलीफिशचा चिखल. लोक दोर गुंडाळून घरोघर निघाले. ते मला शिव्यांपेक्षा लागलं. माझ्या तळहातांची सालं गेली होती. गिर्यारोहकाचे हात म्हणून मला गर्व होता त्यांचा. प्रभाकाकींनी ते बघितले, पेडवे गोळा केले आणि म्हणाल्या, “चल गो, खोबऱ्याचा तेल लावूया.”

पण त्याआधी मी निनादला फळीसकट टेकडीवर नेलं. माथ्यावर पोचल्यावर तो उभा राहिला तो उभाच. दांड्यावर लाट उलगडत होती, कमरेएवढीच, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याने मला मिठीबिठी काही मारली नाही. फळी उचलली आणि उतारावरून धावत सुटला. मीही उतरले आणि वाळूत बसून त्याला बघितलं. एक लाट त्याने धरली आणि ती संपेचना. त्याने फळीवर उभ्यानेच दोन्ही हात वर केले आणि बोटं पसरली. मला मोजायची गरज पडली नाही.

संध्याकाळी मी काकींबरोबर चुलीपाशी बसून, तेल लावलेले हात वर धरून, त्यांना पेडवे साफ करताना बघत होते. बाहेर वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीला टेकून सगुणदादा आणि निनाद बोलत होते. दादा खाडीकडे हात करून काही सांगत होते. निनाद मान हलवत होता, मग मान हलवेनासा झाला. बराच वेळ त्यांचं बोलणं चाललं. आत आला तेव्हा तो गप्प होता. इतका वेळ दोर ओढला, पाण्यात राहिला, दमला असेल, असं मी धरून चालले.

“घर घेऊया,” तो म्हणाला.

“नक्की?”

“नक्की.”

मागोमाग दादा आले आणि त्यांनी किल्ली माझ्यापुढे ठेवली. “सगळ्या गावान गाळी घातल्यान, पण दोघांनी दोर सोडूक नाय,” ते काकींना म्हणाले. “ही पळाची नाय.” मला इतकं भरून आलं की मी त्यांच्या पाया पडायला वाकले, आणि खोबरेल तेलाचे हात त्यांच्या धोतराला लागले.

डिसेंबरात आम्ही आरवेळला राहायला आलो. मला काम घरून करता येत होतं. निनाद येईल त्याला फळीवर उभं राहायला शिकवू लागला. मी कड्यावर वाटा शोधल्या, त्यांना नावं दिली. एकीचं नाव ‘टमरेल’ ठेवलं, बाबलना ते पसंत पडलं नाही. लाल रंगाचं सगळं मी नाशिकला आईकडे पाठवून दिलं. निनाद रोज खाडीवर जायचा आणि मिठाने पांढरा होऊन परत यायचा. मी इतकी सुखी होते की ते मला चक्क जाणवायचं, चालता चालता.

मग पाऊस आला. समुद्र चार महिने कुणाचाच नव्हता. चित्रकार का पळाला ते मला समजलं, पण आम्ही पळालो नाही.

सप्टेंबरात उघडीप झाली तशी मी टेकडीवर गेले. कड्याची वाट निसरडी होती, करायला दुसरं काही नव्हतं. वर पोचले आणि मला वाटलं, मी चुकीच्या जागी उभी आहे. खाडीचं तोंड सरकलं होतं. जिथे दांडा होता तिथे खोल, हिरवं पाणी होतं, आणि लाट थेट येऊन टेकडीच्या पायथ्याशी आपटत होती. मी टेकडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीनदा गेले. दांडा नव्हता.

किनाऱ्यावर सगुणदादा होडीला तेल लावत होते. मी धावत त्यांच्याकडे गेले. “दादा, दांडा गेला!”

“होय तर,” ते म्हणाले. “पावसात मोडता तो. कदी फुडल्या वर्साक बांधता, कदी धा वर्सा येना नाय.”

“पण आम्हाला सांगायचं नाही का?”

तेलाचं फडकं त्यांनी होडीच्या काठावर ठेवलं. “तुझ्या घोवाक सांगलंय मी. तेच सांजेक. म्हटलंय, बाबा, ह्या दांड्याच्या भरवशार घर घेव नको. तेना माझो हात धरलो. म्हणालो, दादा, तिका ह्या सांगू नका.” मग ते म्हणाले, “माका वाटला, आतापर्यंत तेना सांगल्यान आसताला.”

मी घराकडे कशी गेले ते मला आठवत नाही. निनाद मागच्या पडवीत सुपात सुकट घेऊन निवडत बसला होता.

“दांडा गेला,” मी म्हणाले.

“हो. परवा बघून आलो.”

“तुला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.”

सुकट निवडणारा हात थांबला. “दादा बोलले वाटतं.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू किल्ली परत दिली असतीस.”

“अर्थात दिली असती!”

“म्हणून,” तो म्हणाला आणि पुन्हा सुकट निवडायला लागला.

मी त्याला एक शिवी दिली, खास नाशिकची. मग त्याच्याशेजारी जमिनीवर बसले आणि रडले. पाऊस येईपर्यंतचे सहा महिने तो रोज त्या लाटेवर गेला होता ते ती जाणार हे माहीत असून, आणि मी आपली वर कड्यावर वाटांना नावं देत बसले होते. मला त्याचा राग आला होता आणि त्याच्यावर इतकं प्रेम कधी केलं नव्हतं, दोन्ही एकदमच.

“अगं, मजा आली की मला,” तो म्हणाला. “रडतेस काय? इतकी चांगली लाट माणसाला सबंध मोसम मिळते कुठे?”

“आणि आता?”

“आता नाही.”

“ती शाळा अजून बोलावते?”

त्याने सुकटातला एक खडा उचलून बाहेर टाकला. “गेल्या आठवड्यात फोन होता.”

“काय सांगितलंस?”

“कळवतो म्हटलं.”

समोर सुपात सुकटाचे दोन ढीग होते, निवडलेला छोटा आणि न निवडलेला मोठा. मी नाक पुसलं. “चल,” मी म्हणाले. “जाऊ.”

“जाऊ म्हणजे कोण?”

“आपण. दोघं.”

“तिथे दगड नाही, ऋजुता.”

“माहीत आहे.”

“आसपास नाही. लांबवर कुठेच नाही.”

“माहीत आहे रे! तिथे जाऊन बघेन मी माझं काय करायचं ते. पण तुला इथे नुसतं बसलेलं मला बघायचं नाही, आणि तू तिथे, मी इथे, हे तर मला मुळीच नको.”

बोलून गेले आणि माझं मलाच नवल वाटलं. दोन वर्षं आम्ही दगड ठोकून बघितले होते, पाणी चाखून बघितलं होतं, घरमालकांना हजार प्रश्न विचारले होते. एवढं एक वाक्य मात्र मी कधी उच्चारलं नव्हतं, आणि त्यानेही कधी मागितलं नव्हतं.

“खरंच येशील?” त्याने विचारलं.

“येते म्हटलं ना.”

तो माझ्याकडे बघत राहिला. समुद्रात फळीवर बसून क्षितिजाकडे बघतो ना, तेवढा वेळ. मग त्याने सूप माझ्याकडे सरकवलं आणि मोठ्या ढिगातली अर्धी सुकट माझ्यासमोर ओढली.

“मग झालं तर,” तो म्हणाला. “आता जायची गरज नाही.”